जे अधिक ते दाजींचं

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात कुठलीही वस्तू परिणामांचा विचार केल्याशिवाय जागची हलवलेली नाही, आणि ह्या नियमातून त्यांनी स्वतःलाही वगळलेलं नाही. सकाळी जाग आल्यावर ते बराच वेळ छताकडे बघत पडून असतात. नवख्या माणसाला वाटतं, आळस असेल. अक्का म्हणते, "उठण्याचा आढावा चाललाय." अक्का म्हणजे माझी थोरली बहीण आणि दाजी तिचे यजमान. त्यांचं खरं नाव सांगायचं तर मला त्यांची लग्नपत्रिका शोधावी लागेल. आमच्या घरात, गावात आणि गावावरच्या जंगलातसुद्धा ते दाजीच. सांगलीत एक संस्था आहे. कुणाला कारखाना काढायचा असो, रस्ता रुंद करायचा असो की ओढ्यावर बांध घालायचा असो, ही संस्था आधी आपला माणूस पाठवते. तो तिथं हिंडतो, लोकांना विचारतो, दगड उचलून खाली बघतो, आणि ह्या कामानं तिथल्या झाडांचं, पाण्याचं, माणसांचं आणि किड्यामुंग्यांचं काय होईल ते लिहून देतो. तो माणूस म्हणजे दाजी. त्यांना पगार ह्याच कामाचा मिळतो हे खरं, पण पगार नसता तरी त्यांनी हेच केलं असतं, आणि घरी तर ते फुकटच करतात.

दिवाळीच्या तोंडावर अक्का जळमटं काढायला झाडू घेते तेव्हा दाजी आडवे येतात. "हा कोळी काढलास तर डास वाढतील. डास वाढले की तू अगरबत्ती लावणार. अगरबत्तीनं मला खोकला येणार. मी खोकलो की तुझी झोप मोडणार. म्हणजे तू आत्ता स्वतःचीच झोप मोडायला निघाली आहेस." अक्का सगळं शांतपणे ऐकून घेते आणि त्याच झाडूनं त्यांना बाजूला सारून कामाला लागते. मात्र स्वयंपाकघराच्या दाराचा एक कोपरा तडजोडीत दाजींच्या नावावर झालेला आहे. तिथं झाडू फिरत नाही. अहवाल लिहून लिहून त्यांच्या बोलण्यालाही कचेरीचा वास लागला आहे. जेवताना पहिला घास घेतला की ते गंभीरपणे म्हणणार, "सदर आमटीत मिठाचं प्रमाण अल्प असून त्याचा भातावर प्रतिकूल परिणाम जाणवतो." मग अक्का म्हणणार, "उपाययोजना म्हणून उठा आणि बरणी घ्या." माझं साताऱ्यात चष्म्याचं दुकान आहे आणि मला एक काम धरलं की झटपट उरकायची सवय. त्यामुळे दाजींपुढे माझा जीव नेहमीच खालीवर होतो. एकदा ते आमच्याकडे मुक्कामाला होते. मी दुकानाला निघालो, स्कूटरला किल्ली लावायला गेलो, तर हे धावत आले. किल्लीच्या भोकात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं म्हणे. "मेव्हणे, आत तिची पिल्लं आहेत. तुम्हाला काय, बस आहे." मी माशीची पिल्लं मोठी होईपर्यंत बसनं गेलो. आणि बसमध्ये उभा राहून रोज त्या माशीला नाही, दाजींना शिव्या दिल्या.

एका शब्दाचं मात्र त्यांना अगदी वावडं. तो शब्द म्हणजे 'जादा'. कुणी काही जादा झालंय म्हणालं की दाजी लगेच विचारतात, "जादा कुणाला?" वडूजला एका नात्यातल्या लग्नात आचारी घाम पुसत म्हणाला, "भात जादा झालाय, टाकून द्या." दाजी तिथंच उभे होते. ते मांडवातून नाहीसे झाले आणि थोड्या वेळानं परतले ते शिवारात मेंढ्या बसवलेल्या धनगरांची चार धिप्पाड कुत्री मागे घेऊनच. वरमाईची पंगत अजून बसायची होती, त्याआधी मांडवाच्या दारात ह्या पाहुण्यांची बसली. वरमाई रुसली, मुलाचे काका हमरीतुमरीवर आले, आणि दाजी सगळ्यांना समजावत होते की बघा, भात जादा नव्हताच, फक्त जेवणारे यायचे राहिले होते. त्या लग्नानंतर आमच्याकडे पत्रिका द्यायला येणारे लोक दाजी येणार आहेत का, हे आडून विचारून घेऊ लागले.

आता असा माणूस आमच्या घरात शिरला कसा, तर सरपणाच्या वाटेनं. आमचं गाव मेढ्याच्या वरल्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. दाजी अक्काला बघायला आले, पोहे खाल्ले, पाणी प्यायला म्हणून परसात गेले ते आलेच नाहीत. आबा म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना वाटलं, मुलगा पसंत नाही म्हणून मागल्या दारानं पळाला. ते काठी घेऊनच निघाले होते. अक्का आधी परसात गेली, तर नवरदेव इस्त्रीच्या पँटसकट गुडघ्यावर बसून सरपणाच्या ढिगात डोकं घातलेलं. "ह्यातला खालचा ओंडका उचलला तर चालेल का? भुंग्याच्या अळ्या आहेत, बघून परत तसाच ठेवतो," त्यांनी तिला विचारलं. अक्का आजही सांगते, "ओंडका उचलायला जो परवानगी मागतो तो मला काय त्रास देणार?" आबांना हे कारण कधीच पटलं नाही, पण लेकीनं होकार दिला म्हणून त्यांनी काठी खाली ठेवली. सासरे-जावयाचं तेव्हापासून असं होतं: एकमेकांचा मान ठेवायचा आणि एकमेकांचं काहीही पटवून घ्यायचं नाही.

ही तेढ पुरती उघड्यावर आली ती मागल्या अधिक मासात. आमच्या गावावरच्या डोंगरात घाणेरीनं उच्छाद मांडला होता. ती काटेरी झुडपं बांधापर्यंत उतरलेली, त्यांच्या आडोशाला गवे आणि रानडुकरं बसायची आणि पिकात शिरायची. अशात मलकापूरचे बशीरभाई आले. त्यांची लाकडाची वखार, आणि त्यांनी एक नवं यंत्र घेतलं होतं. एका बाजूनं फांदी घातली की दुसऱ्या बाजूनं बोटाच्या पेराएवढे तुकडे उडत बाहेर. हे तुकडे, म्हणजे चिप्स, खालच्या एका कारखान्याच्या बॉयलरला कोळशाऐवजी जाळायला हवे होते. गावाला काम मिळणार, डोंगर मोकळा होणार. आबा गावच्या वनसमितीचे अध्यक्ष. त्यांनी पाऊस उघडताच काम सुरू करू असा गावाला शब्द देऊन टाकला. पण बशीरभाई म्हणाले, "हवालदारसाब, निसत्या घाणेरीवर माझ्या मशीनचं पोट भरत न्हाई. जाड लाकूड पायजे." म्हणून आबांनी डोंगरमाथ्याची वरची पट्टीसुद्धा त्यात घातली. तिथं जुनी वाळलेली झाडं नुसती उभी होती, काही पडून कुजत होती. आबांना तशीही ती बघवत नसत. कागदावर ह्या सगळ्याला नाव पडलं 'वनातील अधिक बायोमास', आणि त्याचे चिप्स केले तर काय परिणाम होईल हे तपासायचं काम गेलं सांगलीच्या संस्थेकडे. दाजींनी साहेबांना सांगून पाहिलं, ते माझ्या सासुरवाडीचं गाव आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा. साहेब म्हणाले, "वा! मग तुमची राहायची सोय झालीच."

साहेबांना दाजी ठाऊक नव्हते. ज्याचं काम तपासायचं त्याच्या घरचं पाणीसुद्धा दाजी पीत नाहीत. एका कारखान्यात त्यांच्यापुढे चहा आला तेव्हा त्यांनी शिपायाला विचारलं होतं, "हा चहा प्रकल्पाचा आहे की तुझा?" शिपाई म्हणाला, कँटीनचा, तर हे प्याले नाहीत. तेव्हा वनसमितीचा अध्यक्ष म्हणजे सख्खा सासरा असताना ते आमच्याकडे कसे उतरणार? ते मेढ्यात लॉजवर उतरले. धोंड्याच्या महिन्यात, सासुरवाडी हाकेच्या अंतरावर असताना, जावई लॉजवर! आई पदर डोळ्याला लावून बसली. अक्का माहेरी आली होती, ती रोज सकाळी सांगलीहून आणलेल्या पिठाची भाकरी नवऱ्याला घेऊन एसटीनं लॉजवर जायची आणि आल्यावर आबांशी न बोलता चुलीपुढे बसायची. आबा ओसरीवर फेऱ्या मारत गरजायचे, "दुस्मनाच्या इलाक्यात असल्यासारकं राहत्यात!" मी छत्री धरून दाजींच्या मागोमाग वरच्या पट्टीत हिंडत होतो, कारण आईनं सांगितलं होतं, भिजू देऊ नको. दाजी प्रत्येक वाळलेल्या खोडावर बोटानं टकटक करायचे, कान लावायचे आणि "असू दे, असू दे" म्हणून पुढे जायचे. मला जळवा चिकटल्या होत्या. मी विचारलं, "दाजी, काय लिहिणार?" ते म्हणाले, "मेव्हणे, जे लिहावं लागेल असं दिसतंय, ते लिहिल्यावर तुमच्या अक्काला माहेर राहील का, हे मला कळत नाही." त्यांना असं घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला एकदम त्यांची माया आली.

सभा मारुतीच्या देवळात ठरली. तिची दवंडी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून शिपायानं दिली. एक तर भोंगा जुना, त्यात पाऊस, आणि शिपायाच्या तोंडात पानाचा तोबरा. नोटिशीत होतं, 'वनातील अधिक बायोमास, परिणामांचा आढावा, सांगलीचे तज्ज्ञ उपस्थित राहतील.' त्यातला बायो भोंग्यानं गिळला. सांगलीचे तज्ज्ञ म्हणजे कोण, हे शिपायाला माहीतच होतं, म्हणून ते त्यानं आपल्या मनानं सोपं केलं. गावानं ऐकलं ते असं: "अधिक... मास... सांगलीचं दाजी येनार... समद्यांनी देवळात यावं हो!" झालं. गावानं ह्या अधिकात अक्काच्या नवऱ्याला देवळात वाण द्यायचं ठरवलंय, अशी बातमी दुपारपर्यंत वाड्यावस्त्यांवर पोचली. घराघरांत धोंडे उकडले, अनारसे तळले गेले. आमच्या आईला तर हा मारुतीनंच काढलेला मार्ग वाटला. आबांना खरं काय ते ठाऊक होतं, पण ते गप्प राहिले. गावानं ओवाळल्यावर जावई विरुद्ध काय बोलणार, असा त्यांचा फौजी हिशेब असावा.

दाजी गुंडाळलेला नकाशा काखेत मारून देवळात आले आणि उंबऱ्यावरच थबकले. रांगोळी, समई, मध्ये नवा कोरा सागवानी पाट, पुढ्यात जाळीदार अनारशांचं ताट, आणि ओवाळायला आई. पाट बशीरभाईंनी आणला होता. "आमच्यात अधिक मास न्हाई दाजी, पन जावई तर हाय की," ते हसून म्हणाले. दाजी पाटाजवळ गेले, सवयीनं त्यावर टकटक केली, आणि बसले नाहीत.

"मी आज जावई म्हणून आलेलो नाही," ते म्हणाले.

आबा उभे राहिले. "मंग काय म्हनून आलायसा?"

"तपासायला. आधी मी निकाल सांगतो. मग मला पाटावर बसवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा." आणि त्यांनी निकाल सांगितला. घाणेरी मुळासकट काढा, तिचे खुशाल चिप्स करा, तिचं कुणाला दुःख नाही. बांधावरचं, वाटेवरचं पडलेलं लाकूडही न्या. पण वरची पट्टी सोडा. ती वाळकी झाडं नुसती भोकाभोकांची आहेत. त्या भोकांत पिंगळे आहेत, पोपट आहेत, धनेश आहेत, आग्या नाही पण सातेरी मधमाशी आहे. खाली पडलेल्या ओंडक्यांत पाणी मुरतं, तेच खाली झऱ्याला येतं. ती पट्टी उचलली तर पाच-दहा वर्षांत झरा काय करेल, हे मी लिहून देऊ शकत नाही, आणि जे लिहून देऊ शकत नाही त्याला हो म्हणू शकत नाही.

"आवं पर ती मेल्याली झाडं हायती!" आबा गरजले. "मेल्याला जवान कोन फॉलिनमदी उभा ठेवतं का?"

"मेलेली नाहीत, आबा," दाजी अगदी नम्रपणे म्हणाले. "पेन्शनवर आहेत."

देऊळ हसलं. बशीरभाई तर डोळे पुसू लागले. फक्त दोन माणसं हसली नाहीत. एक आबा, कारण त्यांची स्वतःची पेन्शन आदल्याच आठवड्यात आली होती, आणि दुसरी खांबाला टेकून उभी असलेली अक्का. आबांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी गावाला शब्द दिला होता, आणि तो भर देवळात त्यांच्याच जावयानं मोडला होता. ते चपला घालायला वळले. ते तसेच निघून गेले असते तर अक्काचं आमच्याकडे येणं त्या दिवशी संपलं असतं, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

तेवढ्यात आई बोलली. आई कधी सभेत बोललेली नव्हती. तिच्या हातात अजून ओवाळणीचं ताम्हन होतं. "आवं, जरा थांबा," ती आबांना म्हणाली. "कागदात अधिक म्हनूनच ल्हिवलंय न्हवं? जंगलात हे अधिक हाय म्हून?"

"व्हय. मंग?"

"मंग अधिकाचं वाण कुनाला देत्यात? जावयाला. आन् वाणात काय देत्यात? जाळीची वस्तू." तिनं अनारशांच्या ताटाकडे बोट केलं. "आत्ता त्येनीच सांगितलं, ती झाडं समदी भोकाभोकाची हायती. द्या की त्यास्नीच. अधिक म्हनायचं आन् मशीनीत घालायचं, ह्ये कुटलं शास्तर?"

आबा एका चपलेत पाय घातलेले तसेच उभे राहिले. हा हल्ला त्यांना अनपेक्षित होता. बशीरभाई आधी बोलले, "बात तो सही हाय, हवालदारसाब. माजी मशीन घाणेरीवर भागवील. जरा कुरकुरंल." गावानं घाणेरीचं तरी काम हातात आहे म्हणून मान डोलावली. आबांनी पायातली चप्पल काढली, परत आत आले आणि मारुतीकडे तोंड करून सावधानमध्ये उभे राहत म्हणाले, "दिली. वरची पट्टी जावयाला वाण म्हनून दिली. आता तिला कोन हात लावनार न्हाई, मी बी न्हाई. जावईबापू, बसा पाटावर."

दाजी तरीही उभेच. "पण ह्याचा परिणाम असा, की तपासणाऱ्यानं—"

"अहो, बसा," अक्का खांबाजवळून म्हणाली. ते बसले. आईनं त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवून ओवाळलं तेव्हा दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि मी अनारशांवर हात मारत होतो, कारण मला रडू येत होतं आणि ते कुणाला दिसायला नको होतं.

दाजींनी पुढे अहवाल लिहिला आणि त्याच्या शेवटी प्रामाणिकपणे नोंदवलं की सदर तपासणीदरम्यान अहवाल लिहिणाऱ्यानं गावाकडून अनारसे, एक टोपी, एक सागवानी पाट व डोंगरमाथ्यावरील वाळलेली उभी झाडं स्वीकारली आहेत. सांगलीच्या ऑफिसात हाहाकार झाला. अहवाल बाद झाला आणि दुसऱ्या एक कडक मॅडम आल्या. त्यांनी सगळं पुन्हा तपासून अक्षरशः तेच लिहिलं, आणि अनारशाला हातही लावला नाही. आईनं त्यांना अजून माफ केलेलं नाही. घाणेरी मात्र निघाली. बशीरभाईंचं यंत्र कुरकुरत का होईना चाललं, आणि गवे वर सरकले.

गंमत आबांची झाली. ज्या झाडांकडे त्यांना बघवत नव्हतं त्यांच्यावर ते पहारा देऊ लागले. रोज सकाळी काठी टेकत वर जायचे. कुणी वाळकी फांदी मोडताना दिसला तर खालपर्यंत आवाज यायचा, "ए, ठेव रं ती खाली! जावयाची हाय!" परत आले की सांगलीला फोन लावायचे आणि फक्त एवढंच सांगायचे, "समदे जवान हजर." दाजीही तेवढंच म्हणायचे, "बरं, आबा." इतकी वर्षं दोघांना बोलायला विषय सापडत नव्हता, तो असा सापडला. गेल्या वर्षी आबा गेले. दाजींचे दोन्ही गुडघे बदलले आणि डॉक्टरांनी डोंगर चढायला बंदी केली. उठण्याचा आढावा आता पूर्वीपेक्षा लांबतो.

यंदा पुन्हा अधिक आला, उन्हाळ्यात. आईनं दाजींना बोलावून घेतलं आणि त्याच पाटाशेजारी खुर्ची मांडून तिच्यावर बसवून वाण दिलं, कारण पाटावर आता त्यांना बसता येत नाही. जेवण झाल्यावर ते परसात गेले आणि कितीतरी वेळ डोंगराकडे बघत उभे राहिले. मग मला म्हणाले, "मेव्हणे, जाऊन येता का? फोन चालू ठेवा." मी धापा टाकत वर गेलो. फोन खोडाला लावायचा, टकटक करायची, आणि पलीकडून दाजी सांगायचे, "असू दे, असू दे." एका खोडावर मी दोनदा टकटक केली तर ते घाईनं म्हणाले, "पुन्हा नको. आत कुणीतरी आहे." सगळ्यात जुना जो हिरडा, आबा ज्याच्याखाली बसायचे, तो मात्र मला उभा दिसला नाही. तो पडला होता, पाणवठ्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर बरोबर आडवा.

मी फोन कानाला लावला. म्हणालो, "दाजी, आबांचा हिरडा पडलाय. वाटेवर."

दाजी म्हणाले, "पडू दे. आता त्याचं दुसरं काम सुरू होईल. पण वाटेवर आहे म्हणता... लोकांची अडचण होईल. तोडायला लागेल का हो?" ज्या माणसानं देवळात अख्ख्या गावापुढे नाही म्हटलं होतं, त्याचा आवाज ह्या एका ओंडक्यासाठी बारीक झाला होता. मी ओंडक्याच्या पलीकडे काय आहे ते बघायला पुढे गेलो. त्याच्या शेंड्याला वळसा घालून एक नवी वाट पडली होती, पाण्याला जाणाऱ्या बायकांच्या पायांनी चांगली मळलेली. कुणी कुणाला विचारलं नव्हतं, सभा झाली नव्हती, भोंगाही वाजला नव्हता.

"नाही तोडावा लागणार, दाजी," मी म्हणालो. "गावानं वाट वळवलीय."